मातीचे सैन्य



या स्मृतिव्याख्यानाचे निमंत्रण घेऊन शाळेची मंडळी माझ्याकडे आली, तेव्हा विषय कोणता ठेवावा अशी पृच्छा त्यांनी केली. संतवाङ्मय, बखरगद्य, गोमंतकातील मराठीची परंपरा असे दोनतीन विषय त्यांनीच सुचविले. आयुष्यभर मराठी शिकविलेल्या आणि बखरींच्या गद्यावर प्रबंध लिहिलेल्या माणसाकडून दुसरी अपेक्षा ती काय असणार! मी विषय सांगितला, 'मातीचे सैन्य'. मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागली. चीनमध्ये १९७४ साली जमिनीखालून निघालेल्या सम्राटाच्या मृण्मय फौजेविषयी मी बोलणार, असा त्यांचा समज झालेला दिसला. तसे काही नाही. मी बोलणार आहे ते चार बोटे उंचीच्या सैनिकांविषयी. मेजावर मांडून खेळता येईल अशा, आपल्याच शेतातील चिकणमातीच्या, हाताने घडविलेल्या आणि रंगविलेल्या मराठी फौजेविषयी. त्या फौजेची एक तुकडी आपल्यासमोर या मेजावर उभी आहे. मागच्या रांगेतील श्रोत्यांना ती दिसत नसेल. व्याख्यान संपल्यावर त्यांनी अवश्य जवळ येऊन पाहावी. मात्र घोड्यांना पायाशी धरून उचलू नये, एवढी विनंती आताच करून ठेवतो.

विषय पोरकट वाटेल. पण ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत, त्या मास्तरांनीच तो मला दिला. मुक्तीनंतरच्या पहिल्या काही वर्षांत बेळगाव भागातून जे शिक्षक गोव्यात आले, त्यांपैकी ते एक. येताना त्यांनी पुस्तकांच्या दोन पेट्या आणल्या आणि दिवाळीत किल्ला करण्याची सवय आणली. पुण्यात, साताऱ्यात, कोल्हापुरात आणि बेळगावातही दिवाळीच्या सुटीत मुले अंगणात दगडमातीचा किल्ला रचतात. त्यावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवतात. माथ्यावर सिंहासनाधिष्ठित शिवाजी महाराज, तटावर मावळे, दरवाजाशी तोफा, पायथ्याशी विहीर, गवळण आणि क्वचित एखादा वाघही. कुंभारवाड्यातून आणलेले हे मावळे पूर्वी मातीचे असत, पुढे साच्यातील प्लास्टर ऑफ पॅरिसचे आले. आमच्याकडे मात्र दिवाळी म्हणजे नरकासुर. कागद, गवत आणि काठ्यांचा राक्षस उभा करायचा आणि चतुर्दशीच्या पहाटे जाळून टाकायचा. करण्याचा आनंद तिथेही आहे. पण केलेली वस्तू पहाटे राख होते. मास्तरांचा किल्ला तुळशीच्या लग्नापर्यंत टिकत असे आणि रोज त्यात काही ना काही दुरुस्ती चाले.

युद्धाची प्रतिकृती करणे आपल्या भूमीला अपरिचित होते, असे मात्र कोणी समजू नये. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकाळातील वीरगळ आहेत. एकावर चक्क जहाजावरील लढाई कोरलेली आहे. वल्ही मारणारे, शस्त्र उगारलेले आणि वर स्वर्गात पोहोचलेला वीर, सगळे वीतभर जागेत. आणि शिगम्यातील घोडेमोडणी तर डिचोली, पेडणे, सत्तरीच्या लोकांना सांगायलाच नको. बांबूच्या सांगाड्यावर कापड चढविलेला घोडा कमरेला बांधायचा, डोक्यास फेटा, पायांत घुंगरू आणि हातात उपसलेली तलवार. जुन्या लढायांची ती आठवण आहे, असे आपण ऐकत आलो. घोडेमोडणीत आपण स्वतःच स्वार होतो. मेजावरच्या सैन्यात स्वार आपल्याबाहेर उभा असतो आणि त्याच्याविषयी विचार करावा लागतो. या फरकामुळेच मी हा खेळ अभ्यासाच्या जवळचा मानतो.

बुद्धिबळ हा या सर्व खेळांचा आजोबा. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ. सैन्याची चार अंगे पटावर आणून ठेवली. परंतु पटावर नदी नाही, घाट नाही, पाऊस नाही. युरोपात ही उणीव प्रशियाच्या रायस्विट्झ पितापुत्रांनी भरून काढली. पित्याने १८१२ साली राजाला मेजावर भूप्रदेश मांडून दाखविला आणि तोफखान्यात अधिकारी असलेल्या पुत्राने १८२४ मध्ये तोच खेळ नकाशावर आणून नियमांचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात फासे आले, पंच आला. पुढे तो लष्करी शिक्षणाचा भाग झाला. खेळण्यांच्या बाजूने पाहिले तर न्यूर्नबर्गच्या चपट्या कथिली शिपायांनी अठराव्या शतकातच घरे जिंकली होती. १८९३ साली लंडनच्या ब्रिटन नावाच्या कारखान्याने आतून पोकळ असे शिशाचे शिपाई काढले, ते हलके आणि स्वस्त असल्यामुळे मध्यमवर्गाच्या मुलांपर्यंत पोहोचले. एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशा शिपायांनी खेळावयाच्या युद्धाचे नियम 'लिटल वॉर्स' या पुस्तकात लिहिले. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी खुंटी उडवायची आणि जो शिपाई पडेल तो मेला, असा तो खेळ. पुस्तकाच्या शेवटी खऱ्या युद्धाविषयीचा तिटकारा त्यांनी स्पष्टपणे मांडला आहे. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध सुरू झाले.

पाश्चात्त्यांची एवढी हकीकत पुरे. आपल्याकडे वळू.

मराठी फौज मेजावर उभी करायची म्हटले की पहिला प्रश्न संख्येचा. बखरकार लाख आणि कोट सहज लिहून जातात. त्यांच्या दृष्टीने आकडा हे मोजमाप नसून विशेषण असते. माझ्या प्रबंधात या गोष्टीची चर्चा चाळीस पाने केली होती. मातीचे घोडे करायला बसलो तेव्हा ती चाळीस पाने मला हातांनी कळली. एक घोडा घडवून, वाळवून, रंगवून होईतो चार दिवस जातात. लाख घोडे कोणी करावेत? म्हणून या खेळात प्रमाण ठरवावे लागते. एक बाहुली किती माणसांच्या जागी उभी, हे आधी निश्चित करावे लागते.

इथे कृष्णाजी अनंत सभासद धावून येतो. राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून त्याने लिहिलेल्या बखरीत शिवकालीन पागेची रचना सांगितली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. पाच हवालदार मिळून एक जुमला. दहा जुमल्यांचा एक हजारी. पाच हजारींचा पंचहजारी. आता हिशेब करून पाहा. जुमला म्हणजे सव्वाशे घोडा, आणि हजारी म्हणजे हजार नव्हे, साडेबाराशे. एक बाहुली पंचवीस बारगिरांची मानली, तर पाच बाहुल्यांत जुमला उभा राहतो, पन्नासांत हजारी आणि अडीचशेंत पंचहजारी. सभासदाने जणू आमच्याच मेजासाठी हा विभाग पाडून ठेवला होता. योगायोग असा, की हान्स अँडरसनच्या १८३८ मधील त्या प्रसिद्ध गोष्टीतही कथलाच्या एकाच चमच्यापासून झालेले शिपाई पंचवीसच आहेत, आणि कथील अपुरे पडल्यामुळे शेवटचा एका पायाचा राहिला आहे.

पण सभासद तिथेच थांबत नाही. पंचवीस बारगिरांमागे एक पखालजी आणि एक नालबंद असावा, असेही तो नोंदवितो. पखालजी म्हणजे कातड्याच्या पखालीतून पाणी वाहून आणणारा. नालबंद म्हणजे घोड्यांना नाल ठोकणारा. श्रोतेहो, आपल्या चित्रांत, चित्रपटांत, मिरवणुकींच्या चित्ररथांवर हजारो मावळे आपण पाहिले असतील. त्यांत पखालजी कोणी पाहिला आहे? मी तरी पाहिलेला नाही. आता पुन्हा हिशेब. हजारीत पन्नास हवालदारांची पथके. म्हणजे पन्नास पखालजी आणि पन्नास नालबंद. पंचविसास एक या प्रमाणाने दोन बाहुल्या पखालजींच्या आणि दोन नालबंदांच्या झाल्या. पन्नास स्वारांच्या मागे ही चार माणसे उभी केली नाहीत, तर ती हजारी सभासदाची नव्हे, चित्रपटाची. मेजावरच्या या तुकडीत डाव्या हाताला वाकून बसलेला जो दिसतो, तो नालबंद. घोड्याचा खूर त्याच्या मांडीवर आहे. सर्व तुकडीत मला सर्वांत अधिक वेळ त्यानेच लावला.

आता घडणीविषयी थोडे. मी मूर्तिकार नाही. परंतु आपल्या भागात चवथीच्या आधी दोनतीन महिने ज्या घरात चित्रशाळा चालते, तिथे मूल म्हणून कोण बसलेले नसते? माती मळण्याचे, भेग बुजविण्याचे, ओल्या कापडाने अंग गुळगुळीत करण्याचे ज्ञान आम्हांला फुकट मिळाले. चवथीची मूर्ती बसलेली आणि भरदार असते. तिला पायांची चिंता नसते. घोड्याला असते. कच्च्या मातीचे चार बारीक पाय धडाचे वजन पेलत नाहीत. वाळताना माती आकसते आणि पाय गुडघ्यात तडकतो. मास्तरांनी यावर उपाय काढला तो माडाच्या हिराचा. केरसुणीचा जाड हीर घेऊन त्याचे चार तुकडे करायचे, वरची टोके धडात रोवायची, खालची लाकडी पट्टीत, आणि हिरावर मातीचा पातळ लेप द्यायचा. मातीत पिंजलेला कापूस आणि थोडा डिंक मिसळला की भेगा कमी पडतात. भालाही हिराचाच. लगाम शिवणाच्या दोऱ्याचा. तारेचा सांगाडा अधिक बळकट असतो हे खरे. पण आमच्या पावसात तार गंजते आणि गंज रंगातून वर येतो.

माती कोणती, हेही महत्त्वाचे. मुळगावच्या सखल शेतांतील काळसर चिकणमाती या कामाला उत्तम. ती पूर्वी कुठल्याही बांधाजवळ मिळे. खाणींचा लाल गाळ ज्या शेतांत उतरला, तिथे ती आता वितभर खाली खणावी लागते. या विषयावर गावात पुष्कळ बोलले गेले आहे, मी अधिक बोलत नाही. फक्त मातीकाम करणाऱ्याच्या बोटांना हा फरक कागदपत्रांच्या आधी कळला, एवढे नोंदवून ठेवतो.

रंगाच्या आधी अस्तर. सावंतवाडीचे चितारी गंजिफा करताना कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचे लेप देत. गंजिफा म्हणजे आपले गोल पत्ते. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकी बारा पाने, मिळून एकशेवीस. प्रत्येक रंगात एक राजा आणि एक प्रधान. रुपयाएवढ्या वर्तुळात कूर्म, वराह, नरसिंह रेखाटणाऱ्या त्या हातांपुढे आमचे काम म्हणजे बालवाडीच. १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्याने ही विद्या पुन्हा उभी केली नसती तर आज ती संग्रहालयातच पाहावी लागली असती. त्यांचे अस्तर मी उचलले. मातीवर खळीचा एक हात दिला की रंग शोषला जात नाही आणि कुंचल्याची रेघ फुटत नाही.

रंग देताना आतून बाहेर यावे: आधी त्वचा, मग वस्त्र, मग शेला आणि पट्टा, शेवटी शस्त्र. चुणीच्या खाचेत गडद रंग आणि उंचवट्यावर फिका, हे दोन्ही मुद्दाम द्यावे लागतात. एवढ्या लहान आकारावर सूर्यप्रकाश स्वतःची सावली पाडीत नाही. डोळे काढू नयेत असे माझे मत आहे. या आकारात काढलेला डोळा नेहमी घाबरलेला दिसतो. भुवईखाली तपकिरी रेघ ओढली की बघणाऱ्याची नजरच डोळा पुरा करते. शिशाचे शिपाई ज्यांच्याजवळ असतील त्यांनी ते लहान मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नयेत. मातीला ते भय नाही.

आणि आता खरी अडचण. वस्त्रांचा रंग कोणता? इंग्रज शिपाई रंगविणाऱ्याला पलटणीचे पुस्तक उघडले की पुरते. शिवकालीन मराठी फौजेला गणवेश नव्हता. बारगिराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, शिलेदार आपला घोडा आणि आपले हत्यार घेऊन येई. अंगावरचा कपडा ज्याचा त्याचा. तरीही शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनांत मावळ्यांना एकसारखी भगवी मुंडाशी आणि एकसारखे पांढरे अंगरखे चढविलेले दिसतात. ते शोभते, यात शंका नाही. परंतु साधन काय सांगते? निकोलाव मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने मीर महंमद नावाच्या चित्रकाराकडून काढवून घेतलेला चित्रसंग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यात घोड्यावर बसलेले शिवाजी महाराज आहेत आणि सोबत पायदळाचे शिपाई चालले आहेत. शिपाई रंगविणाऱ्याने महाराजांना वंदन करून आधी त्या पायीच्या माणसांकडे पाहावे. उत्तरकाळासाठी ब्राउटन या इंग्रज अधिकाऱ्याचे, १८०९ साली शिंद्यांच्या छावणीतून लिहिलेल्या पत्रांचे पुस्तक उपयोगी पडते. १८१३ मध्ये छापलेल्या त्या पुस्तकातील चित्रे देशी चित्रकाराच्या रेखाटनांवरून केलेली आहेत. मात्र १८०९ चा पोशाख १६८३ च्या माणसाला चढवू नये. सव्वाशे वर्षांत पगडीसुद्धा बदलते.

म्हणून माझ्या तुकडीत दोन माणसे एका रंगाची नाहीत. बहुतेकांचे कपडे न रंगविलेल्या सुताचे, मळकट पांढरे, धुऊन पिवळट झालेले. कोणाचे मुंडासे कुसुंबी, कोणाचे निळीत बुडविलेले. पाहणाऱ्याला प्रथम ही फौज गबाळी वाटते. मला ती खरी वाटते.

घोड्यांच्या बाबतीत मात्र मराठी भाषेने रंगांची पेटीच उघडून ठेवली आहे, आणि इथे मराठीच्या प्राध्यापकाला थोडे लांबण लावू द्या. पांढऱ्याकाळ्या ठिपक्यांचा तो अबलख. तांबूस काळसर झाक असलेला कुमाईत. कस्तुरीसारखा काळा तो मुस्की. राखाडी पांढरा तो सब्जा. चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी. हे शब्द आम्ही वर्गात 'जुन्या मराठीतील फारसी शब्द' या मथळ्याखाली शिकविले आणि मुलांनी परीक्षेत लिहिले. कुमाईत घोडा खरोखर रंगवायला घेतला तेव्हा कळले, की तांबूस अंगाला काळी आयाळ आणि काळे पाय दिल्याशिवाय तो कुमाईत होतच नाही. शब्दाचा अर्थ कुंचल्यातून कळावा, हे भाग्य कोशकारांनाही थोडेच लाभते! आणि हे घोडे अरबी चित्रांतल्यासारखे उंच करू नयेत. भीमथडीचे तट्टू लहानखुरे, काटक, मान आखूड. माझ्या पहिल्या प्रेक्षकाने, म्हणजे नातवाने, "आजोबा, ही गाढवे का?" असे विचारले होते. मी त्याला भीमा नदीचा भूगोल सांगितला.

सैन्य झाले, आता रणभूमी. ती शोधायला दूर जावे लागत नाही. नोव्हेंबर १६८३ मध्ये पोर्तुगीज विजरई कोंद द आल्व्होर फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. किल्ला पडला नाही. संभाजीराजे मदतीस धावून आले आणि विजरईला माघार घ्यावी लागली. त्याच महिन्याच्या २४ तारखेच्या रात्री मराठ्यांनी जुवे बेट घेतले. दुसऱ्या दिवशी विजरई स्वतः बेट सोडवायला गेला आणि जिवानिशी जेमतेम परतला. पाठलागात राजांचा घोडा पाण्यात वाहू लागला आणि खंडो बल्लाळाने त्यांना वाचविले, असे परंपरा सांगते. ही लढाई मेजावर मांडायची, तर भरतीसुकतीचा नियम केल्यावाचून गत्यंतर नाही. रात्री ओहोटीच्या वेळी ज्या पाण्यातून माणसे उतरून गेली, तेच पाणी भरतीला घोडा बुडविते. म्हणून आमच्या खेळात दर तीन डावांनंतर पाणी चढते किंवा उतरते, आणि खाडीत उभ्या असलेल्या पथकाला फासा टाकावा लागतो. रायस्विट्झांच्या प्रशियन नियमांत हे सापडायचे नाही. त्यासाठी मांडवीकाठी जन्मावे लागते.

पण मला अधिक शिकविले ते पुढच्या प्रसंगाने. जानेवारी १६८४ मध्ये औरंगजेबाचा पुत्र शहाआलम मोठी फौज घेऊन रामघाटाने खाली उतरला आणि डिचोलीस आला. इथून हाकेच्या अंतरावर. संभाजीराजांचे डिचोलीचे वाडे आणि बागा त्याने उद्ध्वस्त केल्या. मोठी लढाई अशी झालीच नाही. फौजेला धान्य मिळेना. परतताना घाटात उपासमार आणि रोगराई यांनी माणसे आणि जनावरे पटापट मेली. इतिहासाच्या पुस्तकात या मोहिमेला पाचसहा ओळी मिळतात, कारण तिच्यात तलवार फारशी चमकत नाही.

मेजावर ती कशी मांडावी, याचा मी बरेच दिवस विचार केला. शेवटी नियम केला तो असा: प्रत्येक पथकामागे भाताचे दहा दाणे ठेवायचे. प्रत्येक डावाला एक दाणा उचलायचा. घाटात असेल तर दोन. दाणे संपले, की फासा न टाकता घोडा आडवा करायचा. रविवारी खेळायला येणाऱ्या मुलांपैकी शहाआलम होणारा पहिल्या डावात फार ऐटीत असतो, कारण त्याच्याजवळ बाहुल्या पुष्कळ. जितक्या बाहुल्या अधिक तितके दाणे लवकर संपतात, हे त्याला सातव्याआठव्या डावाला कळते. मग तो विचारतो, "सर, गावातून भात घेतले तर?" घ्यावे, असा नियम आहे. गावाची जी लहान घरे मेजावर मांडली आहेत, त्यांतल्या एका घरातून पाच दाणे मिळतात. पण मग ते घर उलटे करून ठेवायचे, आणि पुढे त्या वाटेने कोणाचीही फौज गेली, मराठ्यांची गेली तरी, तिथे काही मिळत नाही.

हा नियम मी मनाने रचलेला नाही. चिपळूणजवळ छावणीस असलेल्या आपल्या लष्करातील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना शिवाजी महाराजांनी पाठविलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. ते १६७३ चे मानतात. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणावैरण आधीच संपविली तर घोडी मरतील आणि मग लोक रयतेच्या घरी दाणे, गवत, भाजी हिसकायला जातील. तसे झाले तर रयतेला मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. उंदराने दिव्याची जळती वात पळविली तर गवताच्या गंजीला आग लागेल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. मी ते पदवीच्या वर्गांना पंचवीस वर्षे शिकविले. पण भाताचे दाणे समोर ठेवून जेव्हा बारा वर्षांच्या मुलांसमोर त्यातला मजकूर सांगितला, तेव्हा जी शांतता पसरली ती मला पदवीच्या वर्गात कधी लाभली नव्हती.

आता एक नाजूक गोष्ट. मास्तरांच्या काळात, म्हणजे मुक्तीला तीनचार वर्षे झाली असताना, शाळेच्या अंगणातील किल्ल्यासाठी दोन्ही बाजूंची फौज करायची असे ठरले. मावळे करायला सगळे तयार. फिरंगी करायला कोणी पुढे येईना. अखेर दोन मुलांनी ते केले, पण कसे? नाक नसलेले, हात वाकडे, मुद्दाम बेढब. कोणाच्या काकांनी तुरुंग भोगला होता, कोणाच्या घरावर झडती आली होती. त्या बोटांत राग असणे स्वाभाविकच होते. मास्तरांनी ते गोळे हातात घेतले, पाण्याच्या भांड्यात टाकले आणि माती पुन्हा मळायला दिली. रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, असल्या भित्र्या गोळ्यांना हरविले, तर तुमच्या मावळ्याने केले तरी काय?" मग त्यांनी आम्हांला सांगितले, की विजरईच्या त्या फौजेत पोर्तुगालहून आलेले थोडे आणि इथलेच लोक पुष्कळ होते, तिसवाडी, बारदेश, साष्टीच्या गावांतले, पगारासाठी आलेले, कोणी जुलमाने आणलेले. त्यांचे चेहरे आपल्यासारखेच काढावे लागतील. हे ऐकून एक मुलगा रडला. दुसरे दिवशी तो किल्ल्याकडे फिरकला नाही, आणि त्याला कोणी बोलावलेही नाही. तिसऱ्या दिवशी आपण होऊन आला. त्या वर्षी केलेल्या फिरंगी पायदळात निम्म्या शिपायांना त्याने आपल्या गावच्या माणसांचे चेहरे दिले होते. ओळखू येत होते.

मास्तरांचे हे वागणे सर्वांना रुचले नाही. गावात कुजबुज झाली, एकदोन पालक शाळेत येऊन गेले. आजही रुचणार नाही अशी माणसे असतील. त्यांचा राग मी समजू शकतो. पण इतिहासाचे साधन मास्तरांच्या बाजूचे आहे, आणि एका वस्तूने ते मला फार चांगले पटविले. मराठी स्वाराच्या कमरेची ती लांब, सरळ पात्याची तलवार रंगवीत होतो. तिचे नाव फिरंग. युरोपात घडलेले पाते, त्याला इथली मूठ. ही पाती पोर्तुगीजांच्या व्यापारातून मोठ्या प्रमाणात या किनाऱ्यावर उतरली. ज्या हातात ती फिरंग्यांविरुद्ध उपसली गेली, त्या हाताने तिचे नाव बदलले नाही. आणि पलीकडच्या बाजूने पाहावे तर पेडण्याचा हळर्णचा किल्ला १७४६ मध्ये घेतला म्हणून विजरईला मिळालेली पदवीच 'मार्केस द आलोर्न' अशी आहे. आमच्या गावाचे नाव लिस्बनच्या सरदाराने वंशपरंपरा मिरविले. दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या वस्तू आणि नावे अंगावर घातलेली असताना, पाणउतारा करण्यासाठी एका बाजूला नाक न काढणे हे निदान मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोभणारे नाही.

मनुचीचा उल्लेख मघाशी आला. तो १६८३-८४ च्या त्या धामधुमीत गोव्यातच होता आणि विजरईच्या वतीने संभाजीराजांकडे वकील म्हणून गेला होता. त्याचीही एक बाहुली मी केली आहे. खेळात तिला एकच अधिकार: ती कोणत्याही बाजूच्या छावणीत एकदा न अडता जाऊ शकते. मुलांना हे सोंगटे फार आवडते.

कालमर्यादा संपत आल्याची खूण अध्यक्ष महोदयांनी केली आहे, तेव्हा व्यवहाराचे सांगून थांबतो. ही तुकडी मी आज शाळेच्या स्वाधीन करीत आहे. दोन जुमले घोडदळ, चाळीस पायदळ, फिरंगी बाजूचे तीस, घरे बारा आणि होड्या सहा. पावसाळ्यात खळीच्या अस्तराला बुरशी धरते. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस सर्व बाहुल्या एकदा उन्हात द्याव्यात आणि पेटीत कडुनिंबाचा सुका पाला घालून ठेवाव्यात. पाय मोडलेला घोडा टाकून देऊ नये. नवा हीर बसविता येतो, आणि तो कसा बसवायचा हे सातवीच्या दोन मुलींना मी दाखवून ठेवले आहे. शहाआलमची फौज अजून अपुरी आहे, उंट एकही झालेला नाही. माती मळून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवली आहे. ज्यांना यायचे असेल त्यांनी रविवारी सकाळी नऊला यावे. येताना घरातला एकेक जाड हीर आणावा.